सिंधूताईंचे पोहे आणि बाकीतचा पक्ष

आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या सिंधूताईंनी परदेशातला एक राजकीय पक्ष बुडवला. हे मी नाही, त्या स्वतःच सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. ज्या बाईला आपल्या वॉर्डात कोण उभं आहे याचा पत्ता नसतो, ती पक्ष कसा बुडवणार? पण मला चौकशीची खोड आहे आणि ही गोष्ट काही मला स्वस्थ बसू देईना.

सिंधूताई आता मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या पोरांचे डबे करतात. त्याआधी त्या किर्गिझस्तानात होत्या. विदर्भातली पोरं तिकडे डॉक्टरकी शिकायला जातात आणि महिन्याभरात वरणभातासाठी रडकुंडीला येतात, म्हणून एका एजंटाने यांना तिथली मेस चालवायला नेलं. मेसच्या इमारतीचा मालक बाकीत नावाचा गृहस्थ. सोव्हिएत काळात कारखान्यात इंजिनियर होता. देश फुटला, कारखाना बंद पडला, तेव्हापासून घरभाड्यावर जगत होता. पोरांकडून मोडकीतोडकी हिंदी शिकला होता.

या बाकीतने एक पक्ष काढला. मोठ्या पक्षांना आपल्या गल्लीतल्या फुटक्या नळाशी देणंघेणं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बैठका मेसमध्येच व्हायच्या, पोरं जेवून उठली की. सुरुवातीला चार-पाच डोकी, मग हॉल भरायला लागला. सिंधूताईंना भाषणं कळत नसत, पण आलेल्या माणसापुढे काहीतरी ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आधी चहा आला, मग भजी आली आणि पक्ष वाढत गेला. भज्यांमुळे वाढला का, ही शंका माझी. त्यांना ती तेव्हा आली नव्हती.

शहराच्या कौन्सिलची निवडणूक लागली. बाकीत महिनोन्‌महिने दारोदार हिंडला. मतदानाच्या दिवशी सिंधूताईंनी आपल्याकडे बूथवर करतात तेच केलं. केंद्राबाहेर टेबल मांडलं आणि तर्री पोह्यांची पातेली ठेवली, पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री, ओतायची. कायदा आपल्याकडेही याला नाही म्हणतो म्हणे, पण नागपुरात ते कोण मनावर घेतं! पोहे कार्यकर्त्यांसाठी होते, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? रांग लागली. बाकीत निवडून आला आणि मेसमधली पोरं नाचली.

लगेच तक्रार झाली, की याने लोकांना खाऊ घालून मतं घेतली. पुराव्याला फोटो होते आणि फोटोत सिंधूताई हातात पळी घेऊन छान हसत होत्या. निकाल रद्द झाला, पुन्हा मतदान झालं आणि त्यात बाकीत सपाटून पडला. माणसं एकेक करून मोठ्या पक्षात गेली, दारावरची पाटी उतरली. बाकीत सिंधूताईंना एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. पुढे गुडघे दुखायला लागले म्हणून त्या परत आल्या, पण मनातलं ते ओझं काही उतरलं नाही.

"मग काहून नाही विचारत त्यालेच, खरंच पोह्यानं बुडाला का म्हणून?" मी म्हटलं.

"काय तोंडानं विचारू वं? चांगल्या माणसाचं वाटोळं केलं मी."

गेल्या महिन्यात मी हट्टाने व्हिडिओ कॉल लावून दिला. बाकीत आता टॅक्सी चालवतो. गुडघ्यांची, पोरांची, थंडीची विचारपूस झाली. मग सिंधूताईंनी एकदाचं विचारलं, की तुमचा पक्ष माझ्या पोह्यांनीच बुडाला ना?

सगळं शहर तसंच म्हणतं, बाकीत म्हणाला, आणि मीही तसंच सांगतो. पण एक कोडं मला सुटत नाही. दुसऱ्या मतदानाला टेबल नव्हतं, तर माझ्या स्वतःच्या गल्लीतलीही माणसं आली नाहीत. त्या पहिल्या दिवशी तुम्ही तिथे उभ्या होत्या. मला खरं सांगा, लोक माझ्यासाठी आले होते की पोह्यांसाठी?

मी सिंधूताईंकडे पाहिलं. उत्तर त्यांनीच मला कधीचं सांगितलं होतं. रांगेतल्या अर्ध्याअधिक लोकांना उमेदवाराचं नावही ठाऊक नव्हतं, ते फक्त आणखी तर्री मागत होते. म्हणजे पक्ष यांनी बुडवलाच नव्हता. इतक्या वर्षांनी बाई सुटणार म्हणून मला मनापासून आनंद झाला.

"तुमच्यासाठीच आले होते," सिंधूताई हिंदीत ठामपणे म्हणाल्या. "मीच मधे कडमडले. नाहीतर आज तुमचा पक्ष असता."

बाकीतचा चेहरा सैल झाला. तुमच्यावर राग कधीच नव्हता, असं म्हणून तो हसला आणि सवारी आली म्हणून त्याने फोन ठेवला.

मी मात्र चिडले. "सुटून राहिल्या होत्या ना तुम्ही! पुन्हा काहून अंगावर घेतलं?"

"पोह्यानं हरलो, हे तो कोणालेही सांगू शकते," त्या म्हणाल्या. "लोकं हासतीन, तोही हासन. पण आपल्याच गल्लीनं आपल्याले विचारलं नाही, हे कोणाले सांगन वं तो?"