फुटका भोपळा

नासलेल्या भोपळ्याच्या गराचा उग्र, गोडसर दर्प आज मंडईत अचानक आला आणि होटगीच्या मळ्यातील विहीर डोळ्यांसमोर उभी राहिली. तेव्हा माझा साखरपुडा दोन दिवसांवर आला होता. त्यानंतर मला विहिरीत उतरू द्यायचे नाही असे घरी ठरले होते, म्हणून पोहणे शिकायचे तर त्याच दुपारी. पुरुषमंडळी जेवायला गेल्यावर मामीने तरंगायला म्हणून माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला आणि मला पाण्यात सोडले. पाणी हिरवे, कोमट, दाट. पायरीवरचे शेवाळ बोटांच्या बेचक्यांत शिरे, बेडकांच्या अंड्यांची बुळबुळीत माळ हनुवटीला चिकटे. तोंड घट्ट मिटून मी हात मारत असतानाच भोपळा कडेच्या दगडावर आपटून फुटला. वरून खडखडीत दिसणारा तो आतून सडलेला होता. काळपट, तार सुटलेला गर मानेवरून ओघळत माझ्या ओठांपर्यंत आला. "सोड की त्यो दोर," काठावरून मामी म्हणाली, "भोपळा फुटलाय, तू न्हाईस." मी गाठ ओढली आणि त्या घाणीपासून दूर, केवळ दूर जायचे म्हणून पाय झाडत राहिले. समोरच्या पायरीला हात लागला तेव्हा वळून पाहिले, तर भोपळा मधोमध बुडत होता. "आलं की गं पवाया," मामी हसली. मी थुंकत होते. माझे पोहणे पाहून लोक अजूनही माझ्या धीटपणाचे कौतुक करतात. परंतु त्या दुपारी भीतीने मी बुडालेच असते, मला पैल नेले ते निव्वळ किळसेने.