उजव्या बाजूचं पदक

गिरणीच्या फाटकावर तीस वर्षं पहारा केलेल्या त्या म्हाताऱ्याला सगळे फौजी म्हणत. लढाईत त्याने शौर्यपदक मिळवलं होतं, तेही विशी गाठण्याआधी. पण पलटणीच्या स्मृतिदिनाला तो ते छातीच्या उजव्या बाजूला लावायचा. कमावणाऱ्याने डावीकडे लावायचं आणि तो गेल्यावर घरच्यांनी उजवीकडे, हा रिवाज शेंबडं पोरही सांगेल. "तोफांच्या आवाजाने फौजीचं डावं-उजवं एक झालंय," असं म्हणून लोक हसत. त्याच्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ती शिवणकाम करायची. पदकवाल्याची लेक म्हणून चार लोकांत तिला मान होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला हवाही होता.

यंदा पलटणीच्या संग्रहालयाने पदक मागितलं. साहेब दुपारी न्यायला येणार होते. तिने बापाच्या कोटाला इस्त्री केली आणि पदक मुद्दाम डावीकडे टाचलं. फौजीने ते काढून उजवीकडे लावलं.

"बाबा, आज तरी! जिवंत माणूस डावीकडे लावतो."

"ज्याचं आहे तो जिवंत नाही, पोरी."

मग त्याने पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. मशीनगन त्याचा जोडीदार चालवत होता; हा काडतुसांचे पट्टे पुरवत होता. जोडीदाराने दिवसभर पूल राखला आणि कुमक नजरेच्या टप्प्यात आली तेव्हा पडला. कुमक पोचली तेव्हा बंदुकीवर हात याचा होता.

"कॅप्टनला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, मेलेल्याचं नाव दगडावर कोरू, पलटणीला जिवंत वीर हवाय. मी गप्प बसलो. आयत्या बिळावर नागोबा झालो."

"तुम्हीही होतातच ना तिथं?" तिने दार पुढे लोटलं. "आता कुणाला सांगू नका, बाबा. लोक थुंकतील."

साहेब आले. त्यांनी लढाईच्या हकिकतीचा छापील कागद पुढे केला. खाली सही हवी होती. फौजीला जवळचं दिसत नसे. त्याने कागद उलटा केला आणि पेन लेकीला दिलं.

"मी सांगतो तसं लिही."

सगळं ऐकल्यावर साहेब सावकाश म्हणाले, "आजोबा, हे वर गेलं तर पदक तुमचं राहणार नाही."

"ते कधी माझं होतं?"

लेकीचा हात हलेना. इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून तिला बापाचा राग आला, आणि आज सांगितलं म्हणून त्याहून जास्त. तो मात्र ओरडला नाही, घाई केली नाही. त्या पुलावर कुणाचा तरी लेक मेला होता आणि त्याच्या मानावर आपण मोठ्या झालो, हे तिला कळलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

"त्यांचं नाव काय, बाबा?"

फौजी भिंत धरून उठला, टाचा जुळवल्या आणि नाव सांगितलं. साहेबही उभे राहिले. तिने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं.