रिकामी वाटी

वाचनालयातून आणलेल्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘फार रडले.’ अक्षर मी ओळखलं. आमच्या इमारतीतल्या, तळमजल्यावरच्या सुमनताईंचं.

कादंबरी नेहमीचीच. दुखावलेला, तुसडा, एकटा माणूस. शेजारीण वाटीभर खीर घेऊन येते आणि दोनशे पानांत गडी खडखडीत बरा. एकटेपणा म्हणजे या लेखकांना सर्दी वाटते की काय, कोण जाणे! यांच्या एकट्या माणसांच्या घराला कधी वाससुद्धा येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांच्या घराला येतो. त्यांची बायको गेल्यावर सुमनताईंनीही एकदा खीर पाठवली होती. काकांनी वाटी लख्ख घासून परत आणली, पण रिकामी. “निदान चिमूटभर साखर तरी घालायची!” ताई जिन्यातच म्हणाल्या, काकांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यानंतर खालून वाटी वर गेली नाही.

‘फार रडले’च्या खाली मी ठसठशीत अक्षरात ‘थापा’ असं लिहिलं आणि पुस्तक परत करायला चौथ्या मजल्यावरून निघालो. काकांचं दार उघडं होतं. मी नेहमीप्रमाणे चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता खाली उतरलो.