निपाणीचा काटा, बेळगावचा पडदा

प्रणिताला आपल्या कामाबद्दल शंका येत नसे. आली तरी ती कुणाला कळू देत नसे. निपाणीकडच्या शेतकरी घरातली ही पोरगी बेळगावात, कॅम्पातल्या एका छोट्या कचेरीत प्रोग्रॅम लिहायची. तिचे वडील नेमगोंडा निपाणीच्या सोयाबीन गोदामात मापाडी. त्याच गोदामाच्या मालकाला बेळगावात बसून काट्यावरचं वजन पाहायचं होतं. ते काम प्रणितानं छाती ठोकून अंगावर घेतलं होतं.

गोदामातल्या कॉम्प्युटरवर तिनं काट्याचं एक ऑब्जेक्ट, म्हणजे काट्यावरचं वजन सांगणारा प्रोग्रॅमचा तुकडा, तयार केलं, तिथल्या नोंदणीत त्याला नाव दिलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं. बेळगावच्या प्रोग्रॅमनं नाव विचारलं की हाती त्या ऑब्जेक्टचा प्रतिनिधी यायचा. वजन त्याला विचारायचं. निपाणीहून उत्तर आणणं ही त्याची डोकेदुखी.

चाचणीच्या दिवशी नाव सापडलं, प्रतिनिधीही आला, वजन काही येईना. कचेरीचा मालक साईराज खुर्ची ओढून बसला.

"आज चाललं न्हाय तर काम पुण्याला जातंय, प्रणिता. फुडचं बी तुला देता यायचं न्हाय."

तिनं प्रोग्रॅम पुन्हा ओळीनं वाचला. मग चूक दिसली. आधीची सगळी तपासणी प्रणिता बाईसाहेबांनी गोदामातल्या एकाच कॉम्प्युटरवर केली होती. ऑब्जेक्टनं आपला पत्ता दिला होता, 'याच कॉम्प्युटरवर'. तो पत्ता घेऊन आलेला प्रतिनिधी बेळगावातच काटा शोधत बसला होता. तिनं निपाणीचा खरा पत्ता घातला, तिकडचा प्रोग्रॅम इथूनच पुन्हा चालू केला आणि वडिलांना स्पीकरवर फोन लावला.

"आप्पा, काट्यावर एक पोतं ठेवा."

"पोतं कशाला गं? मीच हुबा ऱ्हातो."

पडद्यावर आकडा आला. अठ्ठेचाळीस किलो.

साईराजनं नेमगोंडांना गेल्या वर्षी पाहिलं होतं, पोती लीलया उचलताना. "एवढा धिप्पाड गडी अठ्ठेचाळीस? चुकतंय काय तरी तुझं."

आपलं काम चुकलेलं निघावं, असं प्रणिताला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं. "आप्पा, तिकडं काट्यावर किती दिसतंय?"

"अठ्ठेचाळीस. जुना काटा हाय गं. कमी दावतोय."

"बरोबर दावतोय, आप्पा. रोज त्याच्यावरच पोती मापताय की तुम्ही," ती म्हणाली. आता शंका नव्हती. "संध्याकाळच्या बसनं येणार मी. उद्या तुम्हाला घेऊन दवाखान्यात जायचंय."