लोकरीच्या लडी

डॉक्टरी शाळेच्या परीक्षेला बसायचं तर आधी आपण निजामाच्याच मुलखातले आहोत हे सिद्ध करावं लागे. तो मुलकी दाखला काढायला मामा मला परतूरच्या तहसिलीत घेऊन गेला. वडील मी लहान असतानाच गेले होते, मामानंच मला वाढवलं. आम्ही धनगर. कारकुनानं विचारलं, "राहता कुठं?" मामानं खरं ते सांगितलं, "पावसाळ्यात हितं, उन्हाळ्यात गोदेकाठी. मेंढरं जातील तिकडं." खरं बोलणाऱ्या माणसाचं तहसिलीत काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. ज्याला गाव नाही त्याला दाखला नाही, असं म्हणून कारकुनानं आम्हाला हाकललं. खेटे घालून घालून, शेवटी पाटलाला पुढं उभं करून शपथेवर वदवलं, तेव्हा आम्ही एकदाचे मुलकी झालो. आमचे बापजादे त्याच मातीत पुरलेले होते, पण त्यांची साक्ष कोण काढणार?

मामाचा हिशेब सरळ होता. मी डॉक्टरीला लागलो की माझ्या मागोमाग त्याचा मुलगा जाणार. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख. जालन्याला मस्तगडात एका खोलीत आम्ही दोघं शिकायला राहायचो, एकाच कंदिलाच्या उजेडात उर्दू पुस्तकं वाचायचो. गणित अडलं की मी मोठा असून त्यालाच विचारायचो. "वाट पाडायला एक मेंढरू पुढं लागतं, मंग कळप आपसूक येतो," असं मामा ज्याला त्याला सांगे. ते पुढचं मेंढरू म्हणजे मी.

मामीला माझं एवढं कौतुक नव्हतं. लाल मिरच्या तोडायला पाठवलं की मी लालबरोबर हिरव्याही तोडून आणायचो. "मामावर गेलाय, निस्ता कामचुकार," ती म्हणायची. तिचा मुलगा तिच्या नकळत माझी टोपली निवडून ठेवायचा. आपण आळशी आहोत असं मलाही वाटू लागलं होतं.

परीक्षेला मामा हैदराबादपर्यंत सोबत आला. लेखी पेपर उर्दूत होते आणि बरे गेले. पास झालेल्यांची नावं भिंतीवर लागली, त्यात माझं होतं. मामाला वाचता येत नव्हतं, तरी मी दाखवलेल्या नावावर बोट ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. मला त्याला तिथून ओढून न्यावं लागलं. आता फक्त शरीराची तपासणी उरली होती.

वजन झालं, छाती झाली, दात झाले. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी टेबलावर एक पेटी उपडी केली. आत लोकरीच्या रंगीत लडी होत्या. मला हसूच आलं. धनगराच्या पोराची परीक्षा, आणि ती लोकरीत! त्यांनी एक लड पुढं ठेवली. ती फिकट हिरवी होती हे मला मागाहून कळलं. "इस रंग की जितनी हैं, सब निकालो," ते म्हणाले. मी भराभर काढल्या. लोकर बोटांच्या ओळखीची, त्यामुळे हात जरा ऐटीतच चालला. डॉक्टरांनी लडी पुन्हा ढिगात मिसळल्या. "फिर से." मी पुन्हा काढल्या. मग त्यांनी चष्मा उतरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, इनमें भूरी भी हैं, राख के रंग की भी. तुमको लाल-हरा बराबर नहीं दिखता."

डॉक्टराला तपासण्यांमध्ये रंग ओळखावे लागतात, असं काहीसं ते सांगत राहिले. पुढचं माझ्या कानात शिरलं नाही. मी उभ्या उभ्या रडायला लागलो. एवढा मोठा घोडा झालेला मी, पण लाज वाटली नाही.

माझं रडणं ऐकून मामा आत घुसला. मी हुंदके देत काय झालं ते सांगितलं.

"लोकरीत नापास? आमचं पोरगं?" तो डॉक्टरांकडे वळला. "सायेब, सारा जन्म लोकर कातून राह्यलो. आना हिकडं."

डॉक्टरांनी त्याला अडवलं नाही. लडी मिसळून त्यांनी सगळा ढीग त्याच्यापुढं सरकवला. मामानं नमुन्याची लड अंगठ्यानं चोळून पाहिली आणि जाणत्या माणसासारखी एकेक लड काढून मांडत गेला. डॉक्टर बघत होते. प्रत्येक लडीला ते स्वतःशीच पुटपुटत, "वही... ये भी वही."

"वहीच ना?" मामाचा चेहरा फुलला. "मंग? पोरगं बिलकुल चुकलं न्हाई!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं. "मामा-भांजे?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते उठले, मामाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दारापर्यंत पोचवून आले.

परतीच्या गाडीत मी धीर करून म्हणालो, "मामा, आपल्याला रंग दिसत न्हाईत."

"तुला दिसत नसतील. मला दिसत्यात. मी काढल्या त्या तुझ्यावानीच निघाल्या न्हवं?"

काळी-पांढरी मेंढरं राखण्यात, काळ्या-पांढऱ्या लोकरीची घोंगडी विणण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याला कधी कुणी रंग विचारलाच नव्हता. "धनगराला घ्यायचंच न्हवतं त्यांला," तो गावात सांगत सुटला. "पेपरात अडवता येईना, म्हून लोकर काढली." तहसिलीचा कारकून सगळ्यांनाच ठाऊक होता, त्यामुळे गावाला ते लगेच पटलं.

मग तो मस्तगडला गेला आणि मुलाचं सामान बांधू लागला. मी मामाचे पाय धरले. "कशाला पढवायचं?" तो म्हणाला. "त्याच्याम्होरं बी लोकरच ठिवतील." मुलगा बापामागून मेंढरांकडे गेला आणि तिथंच राहिला.

मी पुढं शाळामास्तर झालो. एका डॉक्टर मित्रानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, की हा दोष आईकडून मुलाला येतो. आईला स्वतःला मात्र सगळे रंग दिसतात. म्हणजे आजीकडून तो मामाला आला, आणि आईमार्फत मला. बापाचा दोष मुलाकडे कधी जात नाही. ऐकलं आणि मला मिरच्यांची टोपली आठवली. आम्हा तिघांत एकाचे डोळे साफ होते, आणि त्यालाच घरी बसवलं होतं. मामा तोवर वारला होता. त्याच्यावर चिडायचीही सोय उरली नव्हती.

परतूरच्या बाजारात मामाचा मुलगा भेटला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं.

"मला कुनी लोकर दावलीच न्हाई," तो म्हणाला.

मग त्यानं माझी पिशवी घेतली, मी विकत घेतलेल्या मिरच्या आपल्या घोंगडीवर ओतल्या, हिरव्या बाजूला काढल्या आणि लाल तेवढ्या परत भरून दिल्या.