मनुबाईचा नसलेला वाफा

सांबरबंदरात जकातीच्या गोदामामागे एक उकिरडा होता. फुटक्या होड्यांच्या फळ्या, शिंपल्यांचे ढीग, कोळणींनी टाकलेली मासळीची आतडी, आणि या सगळ्यावर हक्कानं बसलेले कावळे. बावीस साली मनुबाई त्या आळीत राहायला आली, तेव्हा पदरानं नाक दाबल्याशिवाय तिकडून कुणी जात नसे. मनुबाई मात्र तिथेच उभी राहून बघत राहिली. पाली गावाकडच्या भातशेतीवाल्या घरची ती लेक. तिला घाण दिसली नाही, खत दिसलं.

नवरा रावजी गलबतावर खलाशी. आठ महिने पाण्यावर, चार महिने घरी, आणि घरी असला की झोपेत. एका खोलीचं बिऱ्हाड. पुढे गटार, मागे दुसऱ्याची भिंत. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत तिच्या हाताला माती लागली ती फक्त चूल सारवण्यापुरती.

एके सकाळी तिनं शेजारच्या गुलबानूचं दार वाजवलं. गुलबानूचा नवरा हमीद बसऱ्याला खजुराच्या व्यापारात. म्हणजे नवरा नसलेल्या घराचा अनुभव दोघींना सारखाच.

"गुलबानू, टोपली हाय का एक जादा?"

"कशाला गो?"

"तो उकिरडा उपसायचाय."

गुलबानूनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रावजी तरी डोक्यानं बरा हाय ना? दोघांतला एक तरी शाणा असावा घरात." असं म्हणून ती आत गेली आणि दोन टोपल्या घेऊन बाहेर आली.

वर्षभरात तिथे चौदा वाफे झाले. आळीतल्या चौदा घरच्या बायका. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी कोळीण. भेंडी, वाल, मिरची, दुधी. सकाळी पाणी घालायला यायचं आणि पाणी संपलं तरी बोलणं संपायचं नाही. सासूची गाऱ्हाणी, नवऱ्यांची पत्रं, कुणाच्या पोटात काय आहे, सगळं वाफ्यांलगतच्या विहिरीच्या काठावर.

भांडणंही तिथेच झाली. दुसऱ्या वर्षी एक पडवळ दोन हात लांब वाढलं. सोनूबाई म्हणे, वेल माझा. काशी म्हणे, लोंबलंय माझ्या वाफ्यात. एकीनं एक टोक धरलं, दुसरीनं दुसरं, आणि ओढलं. पडवळ मधोमध तुटलं, दोघी दोन बाजूंना आपटल्या, आणि पंधरा दिवस आळीत दोन तट पडले. एकमेकींच्या मिरच्या चोरीला जाऊ लागल्या.

तेव्हा मनुबाईनं नियम घातला. आपण लावलेलं आपण खुडायचं नाही. शेजारणीनं खुडायचं आणि तुझ्या पदरात घालायचं. तू तिचं खुडायचंस आणि तिच्या ओटीत टाकायचंस. आणि 'माझा वाफा' हे शब्द तोंडातून आले, की दहा कळश्या पाणी, सगळ्यांच्या वाफ्यांना.

आधी सगळ्या हसल्या. मग कळश्या वाहू लागल्या. सोनूबाईनं पहिल्याच आठवड्यात चाळीस वाहिल्या आणि तिची जीभ सुधारली. हळूहळू अशी सवय पडली, की नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलीला कुठला वाफा कुणाचा हे विचारूनही कळत नसे. जिला विचारावं ती शेजारणीकडे बोट दाखवायची. चुकून कुणाच्या तोंडून निसटलं, तर तेरा जणी एका सुरात: "म्हणे माझा! बापानं आंदण दिला काय?"

खरं सांगायचं तर मनुबाईला या गोष्टीचा फार अभिमान होता. रावजी पोरबाळ नसल्याबद्दल टोमणे मारी, तेव्हा ती मनातल्या मनात त्या चौदा वाफ्यांवरून एक फेरी मारून यायची.

एकतीस साली मोकाट गुरांनी उच्छाद मांडला. एका दुपारी तीन म्हशींनी अख्ख्या वालाचा फडशा पाडला. मनुबाईनंच तोड काढली: म्युनिसिपालिटीला अर्ज करू, कुंपण घालून द्या म्हणू. मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी अर्ज लिहिला आणि चौदा अंगठे उठले. पहिला मनुबाईचा.

महिन्याभरानं कारकून आला. माणूस वाईट नव्हता हो. छत्री बाजूला ठेवून त्यानं विहिरीचं पाणी मागितलं, प्यायला, छान आहे म्हणाला आणि वही उघडली.

"नऊ वर्षं कसताय म्हणता. मग वहिवाटीचा हक्क लागेल नावावर. सांगा, हा वाफा कोणाचा?"

सोनूबाईनं गुलबानूकडे बोट केलं. "हिचा."

गुलबानू म्हणाली, "न्हाय हो, काशीचा."

काशी म्हणाली, "मी फकस्त खुडते. ठमाबाईला विचारा."

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरत नव्हतं. कारकून दुसऱ्या वाफ्याशी गेला, तिसऱ्याशी गेला. बायकांना आता खेळच सापडला होता.

शेवटी तो मनुबाईसमोर आला. "बाई, तुम्ही यांच्या पुढारी दिसता. हे बघा, कोणीतरी एकीनं नाव सांगितलं पाहिजे. तुमचं सांगा हवं तर. मला कोरं पान नेता येणार नाही."

मनुबाईला कळलं. तिथे उभ्या असलेल्या चौदा जणींत तिला एकटीलाच कळलं, की हा माणूस आता जे लिहील ते पुसलं जाणार नाही. तिनं तोंड उघडलं.

"दहा कळश्या, मनू!" मागून सोनूबाई ओरडली, आणि सगळ्या खिदळल्या.

मनुबाई हसली. तोंड मिटून घेतलं आणि म्हणाली, "आमचं असं न्हाय हो काही. समद्यांचं हाय."

'समद्यांचं' लिहायला वहीत रकाना नव्हता. त्यानं लिहिलं: जागेवर कोणीही हक्क सांगत नाही. जागा मोकळी.

कुंपण मात्र आलं, अर्जाप्रमाणे. माघात लोखंडी तार आली, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. मग गडी आले आणि वाफे सपाट करून गेले. लाल मुरुमाच्या वाटा, कर्दळीच्या रांगा, दोन बाकं, आणि कुण्या साहेबाच्या मडमेच्या नावाची पाटी. सार्वजनिक उद्यान. खाली बारीक अक्षरांत: फुले, पाने, फळे तोडू नयेत. मास्तरीणबाईंनी वाचून दाखवली, तेव्हा कुणीच हसलं नाही.

बायका कचेरीत गेल्या. कारकुनानं वही उघडून त्यांच्यापुढे धरली. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण त्याची मान खाली गेली होती, तेवढं पुरे झालं.

परतीच्या वाटेवर गुलबानू म्हणाली, "एक शब्द बोलायचास."

"तू का न्हाय बोललीस?"

"नियम तुझा व्हता."

त्यानंतर दोघींनी एकमेकींचं दार वाजवलं नाही. ज्यांच्या दारी हातभर जागा होती त्यांनी डब्यांत मिरच्या लावल्या आणि भोवती काटे रचले. मिरची गेली की कुणी नेली हे ओरडून विचारलं जाऊ लागलं.

तिसऱ्या वर्षी रावजीला दम्यानं धरलं आणि गलबतावरचं काम सुटलं. पोटासाठी मनुबाईनं बागेतलं काम पत्करलं: पाणी घालायचं, झाडायचं, तण काढायचं. मुकादम काळूराम म्हणाला, "तुला ही जमीन ठाऊक हाय, बरं झालं." पहिल्या पावसात कर्दळींच्या मधून लाल माठ उगवला. कधीकाळी वाफ्यांत झडलेलं बी, जमिनीत निजून राहिलेलं. कोवळा, रसरशीत, वीतभर.

"तण हाय. उपट," काळूराम म्हणाला, आणि चहाला गेला.

मनुबाई उपटू लागली. जुडीभर झाला असेल, तेव्हा तारेपलीकडे गुलबानू दिसली. सोबत तिची सून फिरोजा, सातवा महिना लागलेली. तीन वर्षांनी गुलबानू पहिल्यांदा बोलली.

"मनू, पोरीला माठाचे डोहाळे लागलेत. फेकतेसच, तर दे इकडे."

आजूबाजूला कुणी नव्हतं. तारेतून हात सहज बाहेर गेला असता. मनुबाई माठाकडे बघत राहिली. एक शब्द बोलायचास, हे तिच्या कानात तीन वर्षं वाजत होतं.

"बागेतलं बाहेर द्यायचं न्हाय," ती म्हणाली. "नियम हाय."

"ह्यो पण तुझाच काय गो?"

मनुबाईनं पाठ फिरवली. जुडी तणाच्या खड्ड्यात टाकली आणि वरून पायानं माती लोटली. फिरोजा काही बोलणार होती. गुलबानूनं तिचा दंड धरला आणि दोघी बाजाराच्या रस्त्याला लागल्या.

दर पावसाळ्यात मनुबाई बी धरायच्या आत माठ उपटायची, मुळासकट, एक रोपही सोडायची नाही. चौथ्या वर्षी तो उगवलाच नाही. बाग पाहायला आलेल्या साहेबाला काळूरामानं सांगितलं, बाई कामाला चांगली आहे.