रिकामी टाकी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाल भागातल्या आमच्या गल्लीत माणसं खिडकीतूनच एकमेकांची चौकशी करत. कोणाच्या घरात काय शिल्लक आहे, हे मात्र कोणी सांगत नसे. अशात समोरच्या काकांनी, त्यांच्या आईच्या दम्यासाठी घेतलेली ऑक्सिजनची टाकी भरलेली आणून आमच्या दारात ठेवली. माझी आई त्या टाकीवर वाचली.

टाकी संपली तेव्हा तशीच परत करायला हवी होती. पण आमच्याकडे शेजारची वाटीसुद्धा रिकामी जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. "भरून दे," आई अंथरुणातून म्हणाली. मलाही तेच शोभेलसं वाटलं. शोभेचं मला भारी वेड!

प्लांटसमोर माणसांऐवजी टाक्याच रांगेत उभ्या असत. त्यांच्यावर खडूनं नंबर टाकून लोक सावली शोधत. तीन दिवस माझा नंबर यायच्या आतच ऑक्सिजन संपला. मी पोलिसांशी भांडलो, टाकी पुढे सरकवणाऱ्या एका म्हाताऱ्याला नाही नाही ते बोललो. त्याची आता लाज वाटते. चौथ्या दिवशी टाकी भरली आणि मी मोठा तीर मारल्यासारखा गल्लीत शिरलो.

काकांच्या दारात शववाहिनी उभी होती. काका गेले होते. दारावर महापालिकेचा कागद चिकटेल या भीतीनं त्यांनी आजार लपवला होता. टाकी तशीच स्कूटरवर बांधलेली राहिली.

सुतकात आई रोज काकूंकडे जेवणाचा डबा पाठवत होती. तेरवीनंतर काकू शेवटचा डबा परत द्यायला आल्या. मला राहवलं नाही.

"काकू, टाकी मागायची तरी!"

"देलेली वस्तू मांगाची कशी गा? हे म्हनत, त्याच्या मायले लागत असन." त्या पायरीकडे बघत होत्या. "माह्या भावाची कन्हानच्या प्लांटले ओळख होती. तो भरून देत होता. फक्त टाकी पाहिजे होती. रिकामी."

आत आई खोकत होती. तो खोकला त्यांना ऐकू जाऊ नये असं मला वाटलं.

काकूंनी डबा माझ्या हातात ठेवला आणि गेल्या. मी झाकण उघडलं. डबा स्वच्छ घासून पुसलेला होता. आत चिमूटभर साखरही नव्हती.